बॉक्सिंगचा निकाल पटला नाही? खान्देशातल्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसाला कुस्ती समजावून सांगावी लागत नाही. प्रोफेशनल बॉक्सिंग मात्र आपल्याकडे आलं ते मोबाईलवरून, आणि त्याचे नियम कोणी नीट सांगितलेच नाहीत. त्यामुळे मोठी लढत संपली, निकाल मनासारखा लागला नाही, की पहिलं वाक्य ठरलेलं: "सेटिंग आहे भो." काही निकालांवरचा राग खरंच रास्त असतो. पण बऱ्याचदा तो स्कोअरकार्ड, म्हणजे जजनी लिहिलेला गुणांचा कागद, न वाचता आलेला असतो. म्हणून अलीकडच्या लढतींवर सर्वांत जास्त विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर दुसरा प्रश्न तरी वाचाच.

आमच्या डोळ्यांना एक जण जिंकलेला दिसला आणि हात दुसऱ्याचा वर झाला. जज पाहतात तरी काय?

तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात आणि प्रत्येक राउंड संपला की त्या राउंडपुरते गुण लिहून देतात. एकदा दिलेले गुण नंतर बदलता येत नाहीत. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. हरणारा एकदा खाली पडला तर साधारणपणे १०-८, दोनदा पडला तर १०-७. रेफ्रीने फाउलसाठी गुण कापला तर तो वेगळा वजा होतो.

राउंड कोणाचा, हे ठरवताना चार गोष्टी पाहतात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक चढाई, रिंगवरचा ताबा आणि बचाव. चारही एका वजनाच्या नाहीत. पहिली सगळ्यांत मोठी. ठोशांवर निकाल लागत नसेल तेव्हाच बाकीच्या तिघींकडे वळायचं. पुढे पुढे चालत जाणारा बॉक्सर प्रेक्षकांना आवडतो, पण तो पुढे जाऊन मारच खात असेल तर त्या चढाईला गुण नाहीत. "परिणामकारक" हा शब्द तिथे त्यासाठीच आहे.

आपल्याकडच्या माणसाची गल्लत होते ती कुस्तीच्या सवयीने. जत्रेतल्या निकाली कुस्तीत शेवटच्या क्षणी पाठ टेकवली की आधीची वीस मिनिटं पुसली जातात. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झाला तरच तसं होतं. नाहीतर प्रत्येक राउंडचं खातं वेगळं. अगदी थोडक्यात जिंकलेला राउंडही १०-९ आणि समोरच्याला हैराण करून, पण न पाडता जिंकलेला राउंडही बहुतेक वेळा १०-९च. पाच राउंड दणक्यात जिंकणारा, सात राउंड केसाएवढ्या फरकाने घेणाऱ्याकडून ११३-११५ असा हरतो. प्रेक्षकाच्या लक्षात ते पाच राउंड राहतात आणि तिथूनच भांडण सुरू होतं.

स्कोअरकार्डवरचे आकडे वाचायचे कसे?

बेरीज करा. कोणी पडलं नाही आणि गुण कापला नाही, तर प्रत्येक राउंडचे दोघांचे मिळून १९ गुण होतात. बारा राउंडचे २२८. म्हणून ११४-११४ म्हणजे सहा-सहा राउंड, ११५-११३ म्हणजे सात-पाच, ११६-११२ म्हणजे आठ-चार, ११७-१११ म्हणजे नऊ-तीन. (क्वचित एखादा जज राउंड १०-१० देतो, तेव्हा बेरीज वाढते, पण हल्ली ते फार कमी दिसतं.) महिलांच्या बहुतेक टायटल लढती (चॅम्पियनच्या पट्ट्यासाठीच्या) दहा राउंडच्या असतात, तिथे बेरीज १९०. आठ राउंडच्या लढतीत १५२.

बेरीज यापेक्षा कमी आली तर कुठेतरी नॉकडाउन (बॉक्सर ठोशाने खाली पडणं) किंवा कापलेला गुण लपलेला आहे. उदाहरण घ्या २० एप्रिल २०२४च्या रायन गार्सिया विरुद्ध डेव्हिन हेनी लढतीचं. कार्डं होती ११२-११२, ११४-११० आणि ११५-१०९. तिन्हींची बेरीज २२४, म्हणजे चार गुण गायब. हेनी तीनदा पडला (सातवा, दहावा आणि अकरावा राउंड) आणि सातव्यातच गार्सियाचा एक गुण कापला गेला. तीन आणि एक, चार. लढत न पाहताही हे कार्डावरून काढता येतं.

वाद घालण्याआधी एवढं केलं तरी निम्मे गैरसमज तिथेच संपतात.

घरी स्वतः गुण द्यायचे तर पद्धत काय?

वही घ्या, मोबाईल नको. मोबाईल हातात असला की माणूस मधेच दुसऱ्यांचे गुण पाहतो. तीन रकाने आखा: राउंड, लाल कोपरा, निळा कोपरा. उजवीकडे चार शब्द लिहायला जागा ठेवा. राउंड तीन मिनिटांचा, मधली विश्रांती एक मिनिटाची. त्या मिनिटाच्या पहिल्या वीस सेकंदांत गुण लिहून मोकळे व्हा, कारण नंतर रीप्ले सुरू होतात आणि रीप्लेत दाखवलेला एक ठोसा अख्ख्या राउंडवर भारी पडतो. शेजारी कारण लिहा: "जॅब जास्त लागले", "पोटातले दोन हूक" (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हूक म्हणजे बाजूने वळवून मारलेला). कारण सुचत नसेल तर तो राउंड अटीतटीचा समजून पुढे एक फुली मारा. फुल्या मोजणं शेवटी फार उपयोगाचं ठरतं. पाच फुल्या असतील तर ११५-११३ कोणाच्याही बाजूने लागू शकतं, आणि तिथे "लुटलं" म्हणायला जागा नाही.

आवाज बंद ठेवा. कॉमेंटेटर पहिल्या तीन राउंडमध्ये एक गोष्ट ठरवतात आणि पुढे तीच सांगत राहतात. गर्दीचा आवाजही फसवतो. घरच्या बॉक्सरचा ठोसा ग्लोव्हवर अडला तरी स्टेडियम ओरडतं.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. फक्त आपल्या आवडत्या बॉक्सरकडे पाहत राहणं ही सगळ्यांत मोठी. नजर दोघांच्या मधोमध, छातीच्या उंचीवर ठेवली तर दोन्हीकडचे ठोसे दिसतात. शेवटच्या वीस सेकंदांना जास्त भाव देणं ही दुसरी, आणि बॉक्सर मुद्दाम त्यासाठीच शेवटी सरबत्ती करतात. तिसरी म्हणजे रक्त आणि सूज पाहून निर्णय घेणं. काहींची कातडी लवकर फाटते, त्याचा आणि गुणांचा संबंध नाही. कोपरावर, खांद्यावर, ग्लोव्हवर बसलेले ठोसे मोजू नका. पोटातले मात्र मोजा, कारण कॅमेऱ्यात ते नीट दिसत नाहीत आणि घरी गुण देणारे हमखास सोडून देतात.

फ्युरी आणि उसिक यांच्या पहिल्या लढतीत फ्युरी पडलाच नव्हता, मग नॉकडाउन कसा दिला?

१८ मे २०२४, रियाध. नवव्या राउंडच्या शेवटी युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकच्या ठोशांनी ब्रिटनचा टायसन फ्युरी दोरांवरून दोरांवर आदळत गेला. रेफ्रीने मध्ये पडून मोजणी सुरू केली (दहा होईपर्यंत सावरला नाही तर नॉकआउट) आणि घंटा झाली. पाय सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला तर नॉकडाउन, हे सगळ्यांना माहीत असतं. नियमाचा दुसरा भाग फारसा माहीत नसतो: ठोसा लागल्यावर बॉक्सर केवळ दोरांच्या आधाराने उभा राहिला असेल, तरी तो नॉकडाउनच. रेफ्रीने तेच केलं आणि आमच्या मते बरोबर केलं.

आता कार्डं पाहा. उसिकला ११५-११२, उसिकला ११४-११३, फ्युरीला ११४-११३. तिन्हींची बेरीज २२७, म्हणजे तिघांनीही एक राउंड १०-८ दिला. ती मोजणी झाली नसती आणि राउंड साधा १०-९ गेला असता, तर फ्युरीला प्रत्येक कार्डावर एक गुण वाढला असता: ११५-११३ उसिक, ११४-११४, ११५-११३ फ्युरी. म्हणजे लढत बरोबरीत! चार संघटनांचे चार पट्टे असण्याच्या काळातला पहिला निर्विवाद (चारही पट्टे असलेला) हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटातला, चॅम्पियन त्या एका गुणावर ठरला. फ्युरीच्या चाहत्यांचा जीव का जळाला, ते यातून कळतं. उसिकचे चाहते उलट म्हणतात की मोजणी न करता चालू दिलं असतं तर फ्युरी तिथेच नॉकआउट झाला असता. दोन्ही बाजूंचं दुःख त्याच दहा-बारा सेकंदांचं आहे.

२१ डिसेंबर २०२४च्या दुसऱ्या लढतीत तिन्ही कार्डं ११६-११२ उसिककडे गेली, बेरीज २२८. तिथे वादाला फारसं काही उरलं नाही.

डेव्हिस विरुद्ध रोच लढतीत गुडघा टेकला तो नॉकडाउन का नाही?

या निकालावरचा राग आम्हाला पूर्ण रास्त वाटतो. १ मार्च २०२५, ब्रुकलिन. नवव्या राउंडमध्ये जरव्हाँटा डेव्हिसने जॅब खाल्ल्यावर स्वतःहून एक गुडघा टेकला, मग उठून आपल्या कोपऱ्याकडे गेला आणि चेहरा पुसून घेतला. केसांना लावलेलं काहीतरी डोळ्यांत उतरलं, असं त्याने नंतर सांगितलं. रेफ्रीने मोजणी सुरू केल्यासारखं केलं आणि सोडून दिली.

नियमाने पाहिलं तर लढत चालू असताना बॉक्सरने मनाने गुडघा टेकला की मोजणी व्हायला हवी. डोळ्यांत काय गेलं याला महत्त्व नाही. आणि राउंड चालू असताना कोपऱ्यातल्या माणसांची मदत घेणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यावर गुण कापणं किंवा बाद करणं, इथपर्यंत जाता येतं. दोन्हींपैकी काहीच झालं नाही.

कार्डं: ११५-११३ डेव्हिस, ११४-११४, ११४-११४, म्हणजे लढत बरोबरीत आणि पट्टा डेव्हिसकडेच. बेरीज २२८, म्हणजे कागदावर नॉकडाउनची खूणही नाही. नॉकडाउन धरला असता तर डेव्हिसचा किमान एक गुण गेला असता, दोन्ही बरोबरीची कार्डं लॅमाँट रोचकडे झुकली असती आणि पट्टा त्याच्या कमरेला लागला असता. इथे तिन्ही जजना दोष देण्यात अर्थ नाही. रेफ्रीने जे दिलं नाही ते जजना लिहिता येत नाही. राग असेल तर तो योग्य माणसावर काढावा.

एकच जोडी, दोन लढती, दोन वेगळे विजेते. मग खरा कोण?

अर्तुर बेतेरबिएव्ह आणि दिमित्री बिव्होल यांच्याबद्दल हे विचारलं जातं. १२ ऑक्टोबर २०२४ला बेतेरबिएव्ह जिंकला: ११४-११४, ११५-११३, ११६-११२. २२ फेब्रुवारी २०२५ला बिव्होल जिंकला, आणि आकडे हुबेहूब तेच. दोन्ही निकाल मेजॉरिटी डिसिजन, म्हणजे दोन जज एकाकडे आणि तिसऱ्याची बरोबरी. (दोन एकाकडे आणि तिसरा उलट असेल तर स्प्लिट, तिघेही एकाकडे असतील तर युनॅनिमस.) चोवीस राउंडांनंतर दोघांत जेवढा फरक निघाला तो एवढाच. अशा लढतीत आपल्या बॉक्सरला एक राउंड जास्त दिसला म्हणून समोरच्याला चोर ठरवू नये. दोघांनी दिलं ते फार मोठं काम होतं आणि अलीकडच्या काळात कोणाला बॉक्सिंग दाखवायचं असेल तर आधी या दोन लढती दाखवाव्यात.

क्रॉफर्डने कानेलोला हरवलं, पण लढत कंटाळवाणी होती असं का म्हणतात?

कारण सगळे धडाधड ठोशांची वाट पाहत होते. टेरेन्स क्रॉफर्ड मेक्सिकोच्या साउल "कानेलो" आल्वारेझशी लढायला १५४ पाउंडांच्या गटातून थेट १६८ पाउंडांच्या गटात आला, म्हणजे सुमारे सहा किलो वर, आणि तेही वयाच्या सदतिसाव्या वर्षी. १३ सप्टेंबर २०२५ला लास वेगासमध्ये निकाल लागला ११६-११२, ११५-११३, ११५-११३. मोठ्या हाडाच्या माणसासमोर त्याने ठोशांची देवाणघेवाण टाळली. जॅब मारायचा, अर्धं पाऊल बाजूला सरकायचं, कानेलो सावरून पुढे आला की पुन्हा जॅब.

पुन्हा पाहाल तेव्हा हातांऐवजी पाय पाहा. क्रॉफर्ड डावखुऱ्या पवित्र्यात असताना त्याचं पुढचं पाऊल कानेलोच्या पुढच्या पावलाच्या बाहेर कधी पडतं ते मोजा. पाऊल बाहेर असलं की डावा हात सरळ घुसतो आणि कानेलोचा उजवा हात लांबून फिरून यावा लागतो. कंटाळवाणी वाटलेली लढत तिथून उलगडते. आठवे-नववे राउंड तर कंटाळवाणे मुळीच नव्हते.

टायसन आणि जेक पॉलची लढत फिक्स होती ना?

फिक्स म्हणायला लागेल असा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. जे होतं ते उघड होतं: ५८ वर्षांचा माइक टायसन, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला २७ वर्षांचा पॉल, आठ राउंड, तेही दोन-दोन मिनिटांचे, आणि ग्लोव्ह नेहमीच्या १० औंसांऐवजी १४ औंसांचे. १५ नोव्हेंबर २०२४ला कार्डं आली ८०-७२, ७९-७३, ७९-७३. ठोशांच्या मोजणीत टायसनचे सगळ्या लढतीत मिळून १८ लागले, पॉलचे ७८. टायसनचे पाय तिसऱ्या राउंडनंतर चाललेच नाहीत. म्हातारा माणूस दमला, एवढंच त्यात होतं, आणि लहानपणापासून ज्याचे नॉकआउट पाहिले त्याला तसं पाहणं जड जातं. तो राग समजतो, पण तो वयावरचा राग आहे. अशी लढत लावावी का, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

पॉलसमोर वयात आणि वजनात खरा हेवीवेट उभा राहिला तेव्हा काय झालं, तेही पाहा: १९ डिसेंबर २०२५, मायामी, अँथनी जोशुआने त्याला सहाव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं आणि जबडा दोन ठिकाणी मोडला.

जिंकलेल्याचा निकाल नंतर रद्द कसा होतो?

वर सांगितलेला गार्सिया-हेनीचा निकाल असाच गेला. गार्सियाच्या तपासणीत ओस्टरिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. न्यूयॉर्कच्या कमिशनने, म्हणजे तिथल्या बॉक्सिंगवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने, त्याला एक वर्षासाठी निलंबित केलं आणि निकाल "नो काँटेस्ट" झाला, म्हणजे कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. हेनीची पडझड डोळ्यांनी पाहिली तरी नोंदीत ती हार नाही. शिवाय गार्सिया १४० पाउंडांच्या लढतीला १४३.२ पाउंड भरला होता, म्हणजे जवळजवळ दीड किलो जास्त, त्यामुळे जिंकूनही पट्टा त्याला मिळणारच नव्हता.

एवढ्याशा वजनासाठी एवढा गोंधळ का?

ख्रिस युबँक ज्युनियर २५ एप्रिल २०२५ला कॉनर बेनविरुद्धच्या लढतीच्या वजनकाट्यावर १६०.०५ पाउंड भरला. मर्यादा १६०. फरक सुमारे २३ ग्रॅमचा, दंड ३,७५,००० ब्रिटिश पौंडांचा. शिवाय करारात अट होती की दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १७० पाउंडांच्या वर जाता कामा नये, म्हणजे पाणी पिऊन पुन्हा भरून यायलाही लगाम. युबँक ११६-११२ असा तिन्ही कार्डांवर जिंकला आणि रुग्णालयात पोहोचला.

वजन आदल्या दिवशी होतं. आधीच्या आठवड्यात मीठ आणि भाकरी-भातासारखं पिठूळ कमी करून, शेवटच्या दिवशी पाणी तोडून, गरम पाण्यात बसून घाम काढतात. काट्यावरून उतरलं की क्षार मिसळलेलं पाणी आणि जेवण सुरू. हे सगळं डॉक्टर आणि जाणकार बाजूला ठेवून होतं, तरी त्यात माणसं कोसळतात.

आमच्या तालमीतली पोरं हे पाहून रेनकोट घालून पळतात. चालेल का?

नाही, आणि हे कळकळीने सांगणं आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या आसपास असतो. शरीर स्वतःला थंड ठेवतं ते घाम वाळवून. रेनकोट किंवा प्लॅस्टिकच्या सूटमध्ये घाम वाळत नाही, नुसता गळतो. शरीर आतून तापत जातं, रक्त दाट होतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि काही वेळा माणूस शुद्ध हरपेपर्यंत त्याला कळतच नाही. १९९७च्या अखेरीला अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना महिन्याभरात गेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली.

पोरगा वाढीच्या वयात असेल तर त्याला वजन तोडायला लावूच नका, वरच्या गटात खेळवा. मोठ्या मुलाने कमी करायचं ठरवलं तर आठवड्याला अर्धा ते एक किलो, तेही खाण्यातून. सराव सकाळी सहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जेवढं उतरलं ते पाणी आहे, चरबी नाही, आणि एका किलोमागे साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी परत पोटात गेलं पाहिजे. घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, उलटी झाली तर सावलीत निजवा, कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका.

रेफ्रीने लढत फार लवकर थांबवली, असं वाटतं तेव्हा?

तो उभा असतो एका हाताच्या अंतरावर, आपण पाहतो पडद्यावर. रेफ्री तीन गोष्टी पाहतो: बॉक्सर उलट ठोसा मारतोय का, डोळे नजरेला नजर देतात का, पाय हुकमात आहेत का. मोजणी आठपर्यंत गेल्यावर तो "पुढे चालत ये" सांगतो ते यासाठीच. "उभा तर होता!" हा आक्षेप सर्वांत जास्त येतो, आणि तोच सर्वांत कमकुवत आहे. उभा माणूस मार चुकवू शकत नसेल तर पडलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

२ ऑगस्ट २०२५ला तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच कार्यक्रमात लढलेले शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा, दोघेही २८ वर्षांचे, मेंदूवरच्या आवरणाखालील रक्तस्रावाने काही दिवसांत गेले. कोतारी तर बारा राउंड पूर्ण लढला होता आणि लढत बरोबरीत सुटली होती. त्यानंतर जपानमध्ये ओरिएंट-पॅसिफिक टायटलच्या लढती बारावरून दहा राउंडवर आणल्या. त्याआधी १९८२मध्ये कोरियाचा डुक कू किम गेला, आणि पंधरा राउंडच्या टायटल लढती हळूहळू बारावर आल्या. लवकर थांबवलेल्या लढतीची पुन्हा लढत लावता येते.

कमरेखालचा ठोसा की बेल्टवरचा?

२६ ऑगस्ट २०२३, पोलंडचं व्रोत्सवाफ शहर, पाचवा राउंड. डॅनियल डुबॉइसचा ठोसा उसिकच्या बेल्टच्या रेषेवर बसला, रेफ्रीने खालचा ठरवला आणि उसिकने सावरायला वेळ घेतला. अशा फाउलनंतर पाच मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. उसिक नवव्यात जिंकला, डुबॉइसचे चाहते दोन वर्षं चिडलेले राहिले. ट्रंक, म्हणजे बॉक्सरची चड्डी, जास्त वर ओढलेली असली की हा घोळ होतो. रेषा नाभीची धरतात, ट्रंकची नाही. १९ जुलै २०२५ला वेम्ब्लीत पुन्हा भेटले तेव्हा उसिकने पाचव्याच राउंडमध्ये नॉकआउट केलं.

केटी टेलर आणि अमांडा सेरानोच्या दुसऱ्या लढतीत सेरानोला लुटलं का?

१५ नोव्हेंबर २०२४, तिन्ही जज ९५-९४ टेलर. दहा राउंडची बेरीज १९० हवी, आली १८९. तो एक गुण टेलरचा आहे. डोकं आदळल्याबद्दल आठव्या राउंडमध्ये कापलेला. म्हणजे तिघांनीही तिला सहा-चार राउंड दिले होते. सेरानोच्या भुवईची जखम भयंकर होती आणि तिने मारलेले ठोसेही जास्त भरले, त्यामुळे राग सहज समजतो. आमच्या मते दोन राउंड तरी दोन्हीकडे जाण्यासारखे होते. तिसऱ्या लढतीत, ११ जुलै २०२५ला, टेलर ९७-९३, ९७-९३, ९५-९५ अशी जिंकली.

चार-चार चॅम्पियन कसे?

डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, प्रत्येकीचा वेगळा पट्टा. चारही एकाकडे आले की तो निर्विवाद. "अंतरिम", "रेग्युलर" वगैरे जोड असलेल्या पट्ट्यांना फार मनावर घेऊ नका.

लढती आपल्याकडे किती वाजता?

आपलं घड्याळ वर्षभर तेच, त्यांचं बदलतं. गोंधळ तिथे होतो. लास वेगासला रात्री ८, म्हणजे न्यूयॉर्कला ११, असं असेल तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रविवारची सकाळ ८:३०, हिवाळ्यात ९:३०. लंडनला रात्री १० म्हणजे आपले पहाटेचे २:३०, हिवाळ्यात ३:३०. रियाधचं घड्याळ बदलत नाही, तिथली मुख्य लढत मध्यरात्रीनंतर १च्या सुमारास सुरू झाली तर आपले पहाटेचे ३:३०. रात्रपाळीच्या लाईटवर केळीला पाणी भरणाऱ्यांना ही वेळ ओळखीची. जपान सोयीचं: तिथले रात्रीचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:३०. १४ सप्टेंबर २०२५च्या रविवारी तर सकाळी क्रॉफर्ड-कानेलो आणि त्याच दिवशी नंतर नागोयातून नाओया इनोउए विरुद्ध अखमदालिएव्ह, असा योग आला होता.

जाहीर केलेली वेळ कार्यक्रमाची असते, मुख्य लढतीची नाही. दोन ते चार तास उशीर धरा. गावात नेट कमजोर असेल तर चित्राचा दर्जा आधीच एक पायरी खाली आणा. टायसन-पॉलच्या दिवशी नेटफ्लिक्सवर जगभर चित्र अडकत होतं, तेव्हा दोष नेहमी आपल्याच टॉवरचा नसतो.

आपले कोण?

विजेंदर सिंगने २०१५मध्ये मँचेस्टरला पहिली प्रोफेशनल लढत केली आणि १६ जुलै २०१६ला दिल्लीत केरी होपला हरवून आशिया-पॅसिफिक पट्टा घेतला. निशांत देवने २५ जानेवारी २०२५ला लास वेगासमध्ये पहिली लढत पहिल्याच राउंडमध्ये संपवली. नीरज गोयत टायसन-पॉलच्या कार्यक्रमात सहा राउंड लढून जिंकला. ऑलिंपिकचे तीन राउंड आणि हे वेगळं आहे. तिथे सुरुवातीपासून वेग लागतो, इथे आठव्या राउंडला शिल्लक लागते. पदकवाला पहिल्या चार-सहा लढतींत सावध दिसला तर लगेच नावं ठेवू नका.

पोराला शिकायचं आहे, सुरुवात कुठून?

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. शालेय स्पर्धांत बॉक्सिंग आहे, आणि सुरुवात तिथूनच, प्रोफेशनलमधून नाही. सामान थोडं लागतं: साडेचार मीटरच्या हातपट्ट्यांचा जोड, बॅगसाठी ग्लोव्ह, समोरासमोरच्या सरावाला १४ किंवा १६ औंसांचे वेगळे ग्लोव्ह, दातांचं कवच. बॅगवर कडक झालेले ग्लोव्ह समोरासमोर वापरू नयेत, त्यांचं अस्तर दबलेलं असतं. पहिले तीन महिने पवित्रा, पाय आणि जॅब एवढंच. जो उस्ताद पहिल्या आठवड्यात पोराला कोणासमोर उभं करतो, त्याच्याकडून पोर काढून घ्या. हेडगार्डने कातडी वाचते, मेंदूचा धक्का वाचत नाही. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली किंवा झोप आवरेना, तर सकाळची वाट न पाहता जिथे सीटी स्कॅन होतो तिथे न्या. तालुक्याला नसेल तर थेट जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात.